देवाने दिलेला गळा

आमच्या नव्या टॉवरच्या लिफ्टमध्ये दर चार-आठ दिवसांनी कोणीतरी मला विचारतं, काकू, तुम्ही गाता का? माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा असतो, एका हातात पांढरी काठी आणि दुसऱ्या हातात बहुतेक वेळा मासळीची पिशवी. पिशवीवरून कोणाला काही सुचत नाही. आंधळी बाई दिसली की माणसांना पेटी आठवते. मी नाही म्हटलं की समोरचा जरा हिरमुसतो आणि मग वाजवत तरी असाल, असं म्हणून मला आणखी एक संधी देतो. तेही नाही म्हटल्यावर बिचारा आपला मजला येईपर्यंत गप्प उभा राहतो. अलीकडे आम्हाला दिव्यांग म्हणायचं ठरलं आहे. माझी त्याला हरकत नाही, पण तेव्हापासून लिफ्टमधल्यांच्या अपेक्षा फार वाढल्या आहेत.

वास्तविक माझ्या आवडीनिवडी कोणाच्याही असाव्यात तशाच आहेत. मला कुरकुरीत तळलेली मांदेली आवडते, कैरीचं तिखट लोणचं आवडतं, कांद्याचे भाव का चढले यावर तावातावाने वाद घालायला आवडतं आणि नारिंगी रंग आवडतो. उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेला तर तेवढा एक अजून जाणवतो. बासरी मला आवडत नाही. उदबत्ती आणि मोगऱ्याचा गजरा डोक्यात जातो, आणि नेमकं हेच सगळं लोक मला जन्मभर भेट देत आले. दंड पकडून मला हातगाडीसारखं पुढे ढकलणारी माणसं आवडत नाहीत. त्याहून नावडती जात म्हणजे 'ओळख पाहू मी कोण?' म्हणणाऱ्यांची. दोन-तीन वर्षांनी एकदा उगवणारी आमची एक आत्या दारातच चपला काढताना आवाज घोगरा करून हा प्रश्न टाकायची. मी शांतपणे म्हणायचे, गॅसवाले ना? आई आतून धावत यायची आणि पोर गमतीशीर आहे हो, म्हणून आत्याची समजूत घालायची. त्या काळात माझ्या मनात जे काही यायचं, त्याचं आई असंच काहीतरी भाषांतर करून लोकांना देत असे.

माझ्या डोळ्यांच्या पडद्याला जन्मापासून काहीतरी दुखणं होतं. शाळेत जायच्या वयापर्यंत ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि आलं तेव्हा उजेड, अंधार आणि भडक रंग एवढंच शिल्लक होतं. मग नातेवाईकांनी उपचार सुचवले. मी पुढच्या दोन वर्षांत जेवढी गाजरं खाल्ली तेवढी एखाद्या तबेल्यात लागत नसतील. कोथिंबिरीचा रस, गुलाबपाणी, कोणा महाराजांचा अंगारा, सगळं झालं आणि डोळे होते तिथेच राहिले. आम्ही तेव्हा बोरीवलीला बाभईत राहत होतो. तीन मजली सोसायटी, दोन खोल्या आणि लांबट गॅलरी. बाबा विमा कंपनीत होते, आई घरात आणि शिरीषदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. सकाळ झाली हे मला पाण्याच्या पंपावरून कळे. मग खालच्या मजल्यावरच्या शाहकाकींचं लाटणं पोळपाटावर नाचायला लागे, वर कर्णिकांचा रेडिओ खरखरे आणि दादा बादली आपटत बाथरूमकडे जाई. मला त्या घरात कधी कशाला अडखळल्याचं आठवत नाही. पाहुणे आले की मात्र आई सगळ्या खुर्च्या हलवून नीट लावायची, आणि मी धडपडले की पाहुणे च्च्च् करायचे.

जेवणातही माझी सोय पाहिली जाई. आम्ही मूळचे मालवणकडचे, त्यामुळे मासळी हा घरातला खरा धर्म. पण मला काटा लागेल या धास्तीने माझ्या ताटात कायम सुरमईची मधली तुकडी, तीही आईने बोटांनी कुस्करून आणि काटे काढून घातलेली. तारली, मांदेली, पेडवे हे सगळे चविष्ट आणि काटेरी प्रकार बाकीचे माझ्यासमोर चोखून खायचे आणि मला काही कळत नाही अशा थाटात एकमेकांना 'हळू' म्हणायचे. आता काटा हा बोटांनी आणि जिभेने काढायचा पदार्थ आहे. बाजूच्या टीव्हीकडे बघत पेडवे खाणाऱ्या दादाला तरी डोळ्यांचा काय उपयोग होत होता? मी हे एकदा विचारलं. आई म्हणाली, तुला सुरमईच जास्त आवडते. मला काय आवडतं हे आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

गाणं माझ्या आवडीत असंच दाखल झालं. मी नऊ-दहा वर्षांची असताना गॅलरीत बसून काहीतरी गुणगुणत होते. ते त्याच आत्याने ऐकलं आणि डोळे काढून घेतले तरी देवाने गळा दिला हो, असं गहिवरून जाहीर केलं. मराठीत आंधळ्यांवर म्हणी भरपूर आहेत. त्यातली आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, ही तर लोक मला आशीर्वादासारखी ऐकवत. मी यातलं काहीच मागितलं नव्हतं आणि मिळाली पेटी. दातार मास्तर आठवड्यातून तीनदा सायकलवरून यायचे, चहा घ्यायचे आणि मला भूप शिकवायचे. भूप सोपा म्हणतात. माझ्या तावडीत तो सहा-सात वर्षं होता. माझा आवाज चढला की मास्तरांच्या पेटीचा आवाजही चढायचा. मला वाटायचं, मास्तर रंगात आले. तान घेतली की ते भाता असा काही हाणायचे की शेवटी पेटीच गातेय असं वाटे. संपलं की म्हणत, वा, वा, आणि लगेच घड्याळाची चावी फिरवल्याचा आवाज येई.

गाण्याचा मला मनस्वी कंटाळा होता. पण टाळ्या पडत होत्या, हेही खरं. नातेवाइकांच्या बारशात, बाबांच्या ऑफिसच्या स्नेहसंमेलनात, नेत्रदानाच्या एका शिबिरात, आणि आमच्या सोसायटीच्या सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात तर दरवर्षी. मी शेवटचा सूर सोडला रे सोडला की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. बायका पाठीवरून हात फिरवायच्या. अंगात एवढा गुण असल्यावर कंटाळा येतो म्हणून तो टाकून कसा द्यायचा? माझं वय सोळा-सतरा, आणि मला खरोखर वाटायचं की मी एक थोर पण आळशी गायिका आहे. रियाजाला बसताना मला अपराधी वाटायचं, देवाचा माल फुकट घालवतेय असं.

बारावीनंतर मी हट्टाने कॉलेजात गेले. घरापासून कॉलेज चालत पंधरा मिनिटांवर होतं. दादा सकाळी फाटकाशी सोडायचा आणि दुपारी वैशाली घरी आणून पोचवायची. वैशाली माझ्या वर्गातली, जोगेश्वरीहून यायची. तिचे वडील शाळेत शिक्षक होते आणि चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांत गायचे. अर्थशास्त्राचं पुस्तक ती मला मोठ्याने वाचून दाखवायची आणि मग त्यातलं तिला न कळलेलं मी समजावून सांगायचे, असा आमचा सौदा होता. मागणी आणि पुरवठा हे प्रकरण आम्ही कॅन्टीनमध्ये वडे खाता खाता संपवलं. ती वाचता वाचता लेखकाला शिव्या घालायची आणि मी लेखकाची बाजू घ्यायचे. मला कोणाशी इतकं मनसोक्त भांडता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला हे शिकायचं होतं, पुढेही शिकायचं होतं, आणि कधी नव्हे ते ही आवड माझी मला सापडली होती.

नेमकं तेव्हाच बाबांनी ठरवलं की कॉलेज पुरे. दातार मास्तरांच्या ओळखीचे एक बेहेरे सर अंधेरीला संगीत विद्यालय चालवायचे. तिथे पूर्ण वेळ शिकायचं, परीक्षा द्यायच्या आणि मग तिथेच किंवा अंधशाळेत संगीतशिक्षिका म्हणून चिकटायचं, असा सगळा आराखडा आईबाबांनी माझ्यामागे आखून ठेवला होता. पहिल्या वर्षाची परीक्षासुद्धा देऊ नकोस म्हणाले, उगाच दगदग. अभ्यासाने माझ्या डोळ्यांवर ताण येईल, असंही एक कारण होतं. मी कुरकुर केली तर आई म्हणाली, अगं, अर्थशास्त्र काय कोणीही शिकतं, गळा कोणाला असतो? टाळ्या मीच ऐकल्या होत्या.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला मी वैशालीला आमच्याकडे बोलावलं. झेंडावंदन झालं, पोरांच्या लिंबू-चमचा शर्यती झाल्या, जिलेबी-फाफडा झाला आणि मग नेहमीप्रमाणे मला स्टुलावर बसवलं. मी भजन गायले. नेहमीप्रमाणे कडकडाट झाला. नंतर आम्ही दोघी पाण्याच्या टाकीजवळ जिलेबीची बशी घेऊन बसलो. वैशालीने बशी माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली. मग म्हणाली, "तुला एक विचारू? राग नको मानूस."

"विचार ना."

"तू मुद्दाम तसं गातेस का?"

"तसं म्हणजे कसं?"

"बेसूर, यार. पेटी एकीकडे, तू भलतीकडे. मला आधी वाटलं काहीतरी विनोदी आयटम आहे."

मी म्हटलं, मग एवढ्या टाळ्या? ती म्हणाली, "टाळ्या वाजवत होते गं. पण तोंडं बघायला पाहिजे होतीस तू एकेकाची." आणि मग आपण काय बोललो हे कळून तिने जीभ चावली असावी, कारण सॉरी, सॉरी, असं ती पुटपुटायला लागली. मी तिला म्हटलं, सॉरी राहू दे, तोंडं कशी होती ते सांग.

तिने सांगितलं. सेक्रेटरी कर्णिक एरंडेल प्यायल्यासारखे डोळे मिटून बसले होते. पहिल्या रांगेतल्या पोरांनी कानात बोटं घातली होती आणि त्यांच्या आया ती बोटं ओढून काढत होत्या. शाहकाकी पदराआड हसत होत्या. दादाने आकाशाकडे बघून हात जोडले होते, आणि त्यावर त्याचे मित्र पोट धरून वाकले होते, सगळं आवाज न करता. या कामात सोसायटीचा हात चांगलाच बसलेला होता, नवखी फक्त वैशाली होती. मी विचारलं, आणि आई? आई म्हणे खाली स्वतःच्या पायांकडे बघत होती. आणि बाबा?

"तुझे बाबा बाजूला उभे राहून सगळ्यांकडे बघत होते," वैशाली म्हणाली. "कोण टाळ्या वाजवत नाही ते."

मला आधी लाज वाटली, कान गरम होण्याइतकी. मग संताप आला. इतकी वर्षं ही सगळी माणसं माझ्या तोंडासमोर तोंडं वेंगाडत होती, आणि वर माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मी कधी कोणाच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला नव्हता, माझ्यापुरते चेहरेच नव्हते. माझा सगळा भरवसा आवाजांवर, आणि तेवढेच त्यांनी खोटे काढले होते. मी रडले. वैशालीने ओढणी दिली आणि उरलेली जिलेबी तिने एकटीने संपवली. पण रडता रडता माझ्या डोक्यात हळूहळू दुसराच उजेड पडत गेला. मला गाणं येत नाही. म्हणजे मला गायला नको. आजवरच्या कुठल्याही कौतुकाने झाला नव्हता तेवढा आनंद मला त्या अपमानाने झाला. आजही वैशाली फोनवर आली की मी तिला म्हणते, तू माझ्यावर केलेला उपकार फार कडू होता. ती म्हणते, तू गायलीस त्याहून बराच बरा.

तरी मनात शंका होतीच. वैशालीचा कान चुकत असेल तर? एकीच्या शब्दावर देवाची देणगी कशी नाकारायची? म्हणून मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. पुढच्याच रविवारी सकाळी बेहेरे सर माझा गळा ऐकायला घरी येणार होते. मी हट्ट करून वैशालीला माझ्या शेजारी बसवून घेतलं. ठरलं असं, की कोणीही तोंड वाकडं केलं की तिने माझ्या गुडघ्यावर टिचकी मारायची.

रविवारी घरात बटाटेवड्यांचा वास सुटला होता. आईने खुर्च्या हलवून नीट लावल्या होत्या. बेहेरे सर आले, त्यांच्या अंगाला अत्तराचा वास होता आणि आवाज मधात बुडवून काढलेला. दातार मास्तरांनी पेटी उघडली. मी भूप सुरू केला आणि दुसऱ्या ओळीपासून सरळ दावणीचं दावं तोडलं. प्रत्येक ओळ मनाला येईल त्या पट्टीत उचलली. मास्तर माझ्यामागे पेटी घेऊन धावत होते, एका पट्टीत मला गाठत तोवर मी दुसरीकडे गेलेली असे. तानेच्या जागी मी शेळीसारखं बें बें केलं. शेवटचा षड्ज तर मी असा लावला की गॅलरीतला कावळा उडाला, त्याच्या पंखांची फडफड मी स्वतः ऐकली. वैशालीच्या टिचक्या थांबेनात, शेवटी तर तिने मोजणंच सोडून गुडघा दाबून धरला. तिचा हात हसण्याने थरथरत होता.

मी थांबले. मग टाळ्या पडल्या, बाबांच्या सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्या.

"वा!" बेहेरे सर म्हणाले. "ईश्वरी देणं आहे. थोडी मेहनत घ्यावी लागेल, बस. प्रवेश पक्का समजा. अशा मुलींसाठी आमची दारं उघडीच आहेत."

आईने वड्यांची बशी पुढे केली. मी म्हटलं, "बाबा, मी कशी गायले?"

"छान गायलीस की."

"टाळ्या वाजवताना तुमचं तोंड कसं झालं होतं?"

वड्याचा घास घेतलेले बेहेरे सर चावायचे थांबले. दादा खाकरला. मी पुढे म्हणाले की मी आता मुद्दाम वाईट गायले आहे, आणि हे जर छान असेल तर आजवरचं सगळं छानसुद्धा असंच असणार. आई म्हणाली, पाहुण्यांसमोर काय हे, पोर गमतीशीर आहे हो. बेहेरे सरांना दुसरीकडे जायचं असल्याचं आठवलं आणि दातार मास्तर त्यांना पोचवायला गेले ते पुन्हा कधी आले नाहीत. पेटी आमच्याकडेच राहिली. दार लागल्यावर मी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"बेसूर गातेस," बाबा म्हणाले. त्यांचा तो आवाज मी पूर्वी ऐकलेला नव्हता. "पहिल्या दिवसापासून बेसूर गातेस."

"मग टाळ्या कशाला वाजवायचात?"

"दुसरं काय देणार होतो मी तुला?" ते म्हणाले. "डोळे देता आले नाहीत. म्हटलं, टाळ्या तरी."

मला त्यांची कणव आली, आणि कणव आली म्हणून अधिकच राग आला. मी म्हटलं, मी टाळ्या मागितल्या नव्हत्या, मला कॉलेज हवं आहे. तिथून आमचं जे जुंपलं ते आई मध्ये पडेपर्यंत आणि नंतरही चाललं. जन्मात बाबा माझ्यावर ओरडले नव्हते. दादावर ते रोज ओरडत, माझ्याशी बोलताना मात्र त्यांचा आवाज नेहमी आजाऱ्याच्या खोलीतला. त्या दिवशी ते ओरडले. अर्थशास्त्र शिकून कोण नोकरी देणार आहे तुला? रस्ते कोण ओलांडून देणार? आम्ही मेल्यावर काय करशील? मी म्हटलं, तुम्ही मेल्यावर गाऊन तरी मी काय करणार होते? दादा हसला आणि त्यालाही एक बसली. मी आवाज चढवला, त्यांनी त्याहून चढवला. शाहकाकींचं लाटणं थांबलं होतं, म्हणजे खालीही ऐकत होते. बाबा मला उद्धट म्हणाले, कृतघ्न म्हणाले, दीडशहाणी म्हणाले. यातला एकही शब्द आजवर माझ्या वाट्याला आला नव्हता, आणि मी तो एकेक शब्द कानांत साठवून घेत होते. हे सगळं खरं होतं. त्यांच्या तोंडावर काय आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

शेवटी ते दमले. खुर्ची करकरली. "मग यापुढे मला काही विचारू नकोस," ते म्हणाले. "तुला काय करायचं ते कर."

हे वाक्य आमच्या घरात फक्त दादाला ऐकवलं जायचं, आणि तेही तो कमावता झाल्यापासून. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. दादा चपला घालत होता, त्याला मी म्हटलं, तू हो पुढे. बाबा गॅलरीत उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी कोणालाही न विचारता जिना उतरले आणि एकटी कॉलेजला गेले.